आरेची ८१२ एकर जमीन वनखात्याकडे गेली म्हणजे नेमकं काय झालं, आणि काय व्हायचं राहिलंय

प्रश्न असा विचारलाय की मुंबईतल्या आरे दूध वसाहतीतली ८१२ एकर जमीन वनखात्याला देऊन इतकी वर्षं झाली, मग ती आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच धरायची का, आणि धरायची तर तिथं रस्ते, तबेले, झोपड्या सगळं होतं तसंच का दिसतं. त्याला जोडून दुसरा प्रश्न, जमीन सरकारची, देणारं सरकार, घेणारंही सरकार, मग एवढा वेळ कशाला लागतो.

पहिल्याचं सरळ उत्तर आधी देतो. नाही, ती जमीन नॅशनल पार्क झालेली नाही. ती दिली गेली राखीव वन करायला, आणि सांभाळायला नॅशनल पार्कच्या ऑफिसकडे दिली गेली, कारण लागून तेच आहे आणि गार्ड-गाडी-वायरलेस तिथूनच मिळणार. पेपरात "उद्यानाचा विस्तार" अशी हेडलाइन आली ती बोलण्यापुरती ठीक आहे, जंगल एकसंध झालं हे खरंच आहे, पण कायद्याच्या हिशोबाने राखीव वन आणि राष्ट्रीय उद्यान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखीव वन होतं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली, राष्ट्रीय उद्यान होतं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३५ खाली. दोन्हीकडे आधी इरादा जाहीर करायचा, मग हक्क तपासायचे, मग अंतिम अधिसूचना. आणि एकदा का उद्यानाची हद्द पक्की झाली की राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्याला ती हलवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. माझी बरीचशी नोकरी ठाणे-मुंबई पट्ट्यात जंगलाच्या हद्दी, मोजण्या, सातबारे आणि दाव्यांच्या फायली ह्यातच गेली, त्यामुळे जे बघितलंय त्यावरून लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की जंगल घोषणेने वाढत नाही, देणारं खातं त्या जमिनीवरून खरोखर उठतं तेव्हा वाढतं, आणि ते उठावं म्हणून आधी त्याच्याशी बसून एकेक गोष्ट कागदावर घ्यावी लागते, ती घेतली नाही तर फाइल अर्धी राहते आणि अर्धी फाइल ही जंगलासाठी सगळ्यात धोक्याची.

क्रम कसा असतो बघा. आरेच्या बाबतीत २०२० च्या सप्टेंबरात आधी ६०० एकराची घोषणा झाली, ऑक्टोबरात ती ८०० च्या आसपास गेली, त्याच महिन्यात कलम ४ ची अधिसूचना निघाली आणि २०२१ च्या जूनमध्ये ८१२ एकर दुग्धविकास खात्याकडून वनखात्याकडे आली. आता हे कलम ४ म्हणजे काय, तर "ही जमीन राखीव वन करायचा सरकारचा इरादा आहे" एवढंच. त्या दिवसापासून कलम ५ लागू होतं, म्हणजे त्या जमिनीवर नवीन हक्क तयार होऊ शकत नाहीत, नवीन झाडतोड करून शेती वगैरे करता येत नाही, हा मोठा फायदा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण जुने हक्क असतील ते तसेच उभे असतात. त्यासाठी वन जमाबंदी अधिकारी नेमतात, तो सहसा वनखात्याचा माणूस नसतो, महसूलचा असतो, बहुतेक वेळा प्रांत. आणि हे बरोबरच आहे, ज्या खात्याला जमीन मिळणार त्यानेच लोकांच्या हक्काचा निवाडा करू नये. तो कलम ६ ची जाहीर नोटीस काढतो, दावे मागवायला कमीत कमी ३ महिने द्यावे लागतात, मग एकेक दावा ऐकायचा, मान्य, अमान्य, मोबदला, वहिवाटीची सोय, अपील, हे सगळं संपलं की कलम २० ची अंतिम अधिसूचना. तेव्हा कुठे ते राखीव वन.

आता खरी गोम इथे आहे, कलम ४ आणि कलम २० ह्याच्यामध्ये किती काळ जावा ह्याला धरबंध नाही. महाराष्ट्रात कितीतरी सर्व्हे नंबर वर्षानुवर्षं कलम ४ वरच अडकलेत. मधे अधिकारी बदलतो, प्रांताकडे निवडणुका, भूसंपादन, दाखले, टंचाई हजार कामं, जंगलाची सुनावणी शेवटून पहिली. पुढचा आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल, येतो त्याला वाटतं झालंच आहे सगळं, नकाशावर हिरवा रंग दिसतोय ना.

अर्धी फाइल किती महागात पडते हे बघायचं असेल तर ह्याच नॅशनल पार्कच्या पूर्व अंगाला मुलुंडकडे बघा. तिथे खासगी वनाचा वाद होता. १९५०च्या दशकात जुन्या कायद्याखाली नोटिसा काढल्या गेल्या आणि पुढे त्यावर काहीच झालं नाही. १९७५ चा खासगी वने संपादन कायदा आला तेव्हा त्याच नोटिसांच्या जोरावर सरकारने म्हटलं जमीन आमची. मधल्या काळात तिथे रीतसर परवानग्या घेऊन बिल्डिंगी झाल्या, लोक राहायला आले. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने निकाल सरकारच्या विरोधात दिला, नुसती नोटीस काढून पन्नास वर्षं गप्प बसलात तर जमीन वन म्हणून तुमच्याकडे आली असं धरता येणार नाही. मला त्या निकालात कोर्टाची चूक वाटत नाही. काम पुरं केलं नव्हतं. म्हणून आरेसारख्या ठिकाणी मी सगळ्यांना एकच सांगतो, घोषणेचा आनंद करा पण कलम २० कधी होतंय हे विचारत रहा.

बरं, दावे ऐकायचे तर आधी जमीन किती आणि कुठली हे नक्की हवं, आणि तिथेच पहिलं घोडं अडतं. एका खात्याच्या रजिस्टरला एक क्षेत्र, प्रॉपर्टी कार्डावर दुसरं, जीआरच्या परिशिष्टात तिसरं. आरेसारख्या जमिनीत तर मूळ ताबा दुग्धविकासचा, त्यातून वेळोवेळी तुकडे दुसऱ्यांना दिलेले, कोणाला लीजवर, कोणाला कायमचे, कोणाला नुसत्या पत्रावर. मग संयुक्त मोजणी लावायची. भूमी अभिलेखचा मोजणीदार, देणाऱ्या खात्याचा माणूस, तलाठी, आपला राउंड ऑफिसर आणि गार्ड, सगळे एकाच दिवशी एकाच जागी यायला हवेत, ह्यातला एक जरी आला नाही तरी मोजणी झाली असं धरता येत नाही, आणि पावसाळ्यात तर काही दिसतच नाही त्यामुळे कामाचे महिने मुळात थोडे.

अशा एका मोजणीचं सांगतो, खात्याचं नाव घेत नाही. मोजणीदाराने रोव्हर, म्हणजे जीपीएसचं मोजणीयंत्र, लावला, जुन्या नकाशाप्रमाणे वनहद्दीचा बुरूज एका टेकाडाच्या धारेवर यायला हवा होता. बुरूज म्हणजे दगड रचून केलेली हद्दीची खूण, त्यावर चुन्याने नंबर घातलेला असतो. तिथे काहीच नव्हतं, घाणेरीचं रान नुसतं. देणाऱ्या खात्याचा माणूस म्हणाला हद्द खाली ओढ्याला आहे, आमचा गार्ड म्हणाला वर धारेला. दोघांकडे आपापला नकाशा, दोन्हीवर सही-शिक्के. दुपारपर्यंत तेच चाललं. शेवटी पाड्यावरच्या एका वारली आजींना विचारलं, त्यांनी काही न बोलता कोयत्याने घाणेरी बाजूला केली आणि एका जागी काठी टेकवून उभ्या राहिल्या, खाली माती उकरली तर बुरुजाचा तळ, दगडावर दगड बसवलेला, एका दगडाला चुना अजून धरून. त्या लहानपणी गुरं घेऊन तिथवरच यायच्या, पलीकडे गेलं की वॉचमन अडवायचा, म्हणून त्यांना जागा पक्की माहीत. मोजणीदाराने तिथे पॉइंट घेतला, पंचनाम्यात आजींची पंच म्हणून अंगठ्याची निशाणी घेतली. "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, निघाली तेव्हा त्या बुरुजावरूनच हद्द गेली. ऑफिसात बसून हा वाद कधीच सुटला नसता.

मोजणीनंतर ताबा. आणि ताबा पावती हा कागद लोक वाचतच नाहीत. त्यात जवळजवळ नेहमी एक वाक्य असतं, "आहे त्या स्थितीत ताबा देण्यात आला." वाचायला साधं वाटतं पण त्याचा अर्थ असा की अतिक्रमण असेल तर तुमचं, कचऱ्याचा ढीग तुमचा, बंद पडलेलं गोडाऊन तुमचं, कोर्टात दावा चालू असेल तर यापुढे वकील तुम्ही द्यायचा. देणारं खातं मोकळं. घेणाऱ्या खात्याकडे मात्र ना वाढीव गार्ड, ना कुंपणाचे पैसे, ना त्या दाव्यांच्या फायली. मी असताना माझा आग्रह असायचा की ताबा पावतीला चार जोडपत्रं लावल्याशिवाय सही करायची नाही: आत कोण कोण राहतंय त्याची यादी, चालू कोर्ट केसेस, आतून जाणाऱ्या लाइनी म्हणजे पाणी-वीज-गटार त्यांचे नकाशे, आणि ज्या ज्या संस्थांना परवानगी देऊन ठेवलीय त्यांचे करार. ह्यावर समोरचा चिडतो, म्हणतो तुम्हाला जमीन हवीय की नको. हवीय, पण वाद डोळे झाकून घेऊ नये. भाऊबंदांच्या वाटणीत जसं आधी विहिरीचं पाणी आणि वाट कोणाची हे लिहून घेतात आणि मग बांध घालतात तसंच आहे हे.

कचऱ्याचं उदाहरण घ्या कारण ते वरवर छोटं वाटतं. आरेतला मुख्य रस्ता पालिकेकडे, आतलं बाकीचं आरे प्रशासनाकडे, जंगल वनखात्याकडे. तबेल्यांच्या आणि वस्त्यांच्या कडेला कचरा पडतो, त्यावर कुत्री आणि डुकरं, त्यांच्या मागे बिबट्या. संध्याकाळी अंधारात लहान मूल शी-शूला बाहेर गेलं की दुर्घटना, २०२१ मध्ये आरेत लागोपाठ हल्ले झाले ते आठवत असतील. मग सगळे वनखात्याला विचारतात पिंजरा कधी लावता. पण बिबट्या पकडून प्रश्न सुटत नाही, एक हलवला की जागा रिकामी होते आणि दुसरा येतो, हे नॅशनल पार्कच्या भोवतीच्या लोकांनी २००४ च्या आसपासच्या बिबट्याच्या हल्ल्यांच्या वाईट काळात फार मोठी किंमत देऊन शिकलंय. तिथे लागतात संडास, दिवे आणि रोजची कचरागाडी. ह्यातली एकही गोष्ट वनखात्याच्या हातात नाही. म्हणजे जमीन वनखात्याची झाली तरी ती जंगल म्हणून चालवायला पालिका लागतेच, आरे प्रशासन लागतंच, वीज कंपनी लागतेच. सहकार्य ताबा देताना संपत नाही, तिथून सुरू होतं.

आता खाती जमीन द्यायला का कचरतात. लोकांना वाटतं अहंकार, कधीकधी असतोही, पण मुख्य कारण १९८० चा वन संवर्धन कायदा. एकदा जमीन वन झाली की पुढे तिथे साधी पाण्याची टाकी बांधायची तरी केंद्राच्या मंजुरीचा रस्ता धरावा लागतो. त्यामुळे कुठलाही विभागप्रमुख सही करताना विचार करतो की उद्या आपल्याच खात्याला ही जागा लागली तर आपलं नाव निघेल. म्हणून तो "तत्त्वतः मान्य" लिहितो आणि फाइल वर पाठवतो. त्याला दोष देऊन काही होत नाही, त्याची भीती खरी आहे. उपाय एकच, त्याला पुढच्या वीस वर्षांत काय लागणार ते विचारायचं, खरोखर लागणारी जागा आधीच बाहेर काढायची आणि उरलेलं सगळं घ्यायचं. अमुक एकर हवेच असा आकडा धरून बसलं तर पाच वर्षांनी एकरभरही मिळत नाही.

ह्याच पार्कच्या इतिहासात दोन खात्यांची दोन उदाहरणं शेजारी-शेजारी आहेत, ती मला फार शिकवून गेली.

एक विहार-तुळशीचं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी हवं होतं म्हणून बांधले. पाणी स्वच्छ रहायचं तर पाणलोटात वस्ती नको, गुरं नकोत, तोड नको, म्हणून पाणीखात्याने तो सगळा डोंगर राखला, आणि त्यांनी तो जंगलासाठी राखलाच नव्हता, पाण्यासाठी राखला होता. पण त्यामुळेच ते जंगल टिकलं आणि पुढे पार्कचं काळीज झालं. बोरिवली नॅशनल पार्क १९७४ चं, पुढे वाढत ते १०३ चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं, संजय गांधी नाव लागलं १९९६ ला. आजही शहराच्या रोजच्या पाण्यात ह्या दोन तलावांचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं भातसा-वैतरणेकडून येतं, तरी पालिकेचं जलअभियंता खातं तिथे आहे, त्यांचे चौकीदार आहेत, आणि वनखात्याचे गार्ड त्याच वाटेवर गस्त घालतात. एका जमिनीत दोघांचं हित, म्हणून ती राहिली.

दुसरं आरेचं. १९४९ ला दूध वसाहत झाली, तेव्हाची जमीन ३,१६० एकर धरतात. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायचे आणि लोकांना चांगलं दूध द्यायचं हा फार मोठा विचार होता, त्याला मान द्यायलाच हवा. पण पुढे दूध योजना मंदावली, खात्याला एवढ्या जमिनीचं काम उरलं नाही, आणि ज्याचं स्वतःचं काम उरलं नाही त्याच्याकडे जमीन मागायला सगळे येतात. चित्रनगरी झाली, फोर्स वन ह्या पोलीस कमांडो दलाचं ट्रेनिंग सेंटर झालं, हे झालं, ते झालं, प्रत्येकाची गरज आपापल्या जागी खरी, पण एकत्र बघितलं तर जंगलाला भोकं पडत गेली. ओशिवरा नदी ह्याच डोंगरात उगवते, मिठी विहारच्या ओसंडणाऱ्या पाण्याला धरून खाली येते, पण दुग्धविकास खात्याचं नदीशी काही नातं नव्हतं. मग २०१९ ला मेट्रोच्या कारशेडचा वाद, ऑक्टोबरात रात्रीतून दोन हजारावर झाडं पडली, सुप्रीम कोर्टाची स्थगिती, आणि त्या धक्क्यातून ८१२ एकरांचा निर्णय. कारशेड शेवटी आरेतच झालं, त्यावर वेगवेगळी मतं आहेत आणि ती असू देत, पण ८१२ एकराचा निर्णय सरकार बदललं तरी उलटला नाही ही गोष्ट मी फार मोठी मानतो. का नाही उलटला, तर कलम ४ निघालेलं होतं. नुसती घोषणा असती तर सांगता येत नाही.

ह्याच्या उलट सोपं कधी जातं, तर देणारं खातं जंगलाशी आधीच नातं असणारं असेल तेव्हा. विदर्भात वनविकास महामंडळाकडे सागवानाची तोड-लागवड करायला दिलेले मोठे पट्टे आहेत. ते जंगलच आहे, नकाशे आहेत, माणसं वनखात्यातलीच. चंद्रपूरचं कन्हाळगाव अभयारण्य झालं, २६९ चौरस किलोमीटर, त्यात बहुतेक भाग महामंडळाकडचा होता. तिथे जमिनीचा ताबा हा प्रश्नच नव्हता, प्रश्न उत्पन्नाचा आणि मजुरांच्या रोजगाराचा होता, आणि गावांच्या निस्तारहक्कांचा, म्हणजे चराई-सरपणाच्या वहिवाटीचा. वाद तिथेही झाले पण मोजणीदार बोलवावा लागला नाही. आणि कोर्टाने सांगितलं म्हणून झालेलं बघायचं तर खारफुटी. २००५ ला मुंबई हायकोर्टाचा आदेश झाला की सरकारी जमिनीवरची खारफुटी वनखात्याकडे द्या, खारफुटी सांभाळायला वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ ला झाला, हायकोर्टाचा अंतिम निकाल २०१८ ला आला, आणि तरी काही संस्थांकडून जमिनी यायला अजून वर्षं गेली. कोर्टाचा आदेश असून ही गत, मग नुसत्या मीटिंगने काय होणार.

आता ज्यावर माझे जुने सहकारीसुद्धा माझ्याशी भांडतात ते लिहितो. आरेची जमीन नॅशनल पार्क करा अशी मागणी बरेच जण प्रेमाने करतात. मी त्याच्या विरोधात आहे. आरेत आदिवासींचे २७ पाडे धरतात, वारली, कोकणा, मल्हार कोळी, ते दूध वसाहतीच्याही आधीपासूनचे. तिथे वाघोबा आजही पुजला जातो. नॅशनल पार्कात गुरं चारायला कायद्याने मनाई आहे, वहिवाटीचे हक्क जवळजवळ राहत नाहीत, पाड्यावर नवीन खोली बांधायची म्हटली तरी गुन्हा. ज्या लोकांनी बिबट्याबरोबर राहायची रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांनाच आपण अतिक्रमणवाले करून टाकतो. आणि हे मी हवेत बोलत नाही, १९९५ च्या याचिकेनंतर पार्कातल्या झोपडपट्ट्या हटवायचे आदेश झाले, ते गरजेचे होते, खूप कुटुंबांना चांदिवलीला घरं मिळाली, पण मूळ पाड्यांचा हिशोब त्या गर्दीत वेगळा मोजला गेला नाही, आणि त्याचं दुखणं आजपर्यंत चालू आहे. राखीव वनात हक्क नोंदवता येतात, २००६ चा वनहक्क कायदा तिथे लागू आहे, चराई, रानभाज्या, घराखालची जागा, सगळं लिहून घेता येतं. झाडं तोडायला बंदी तेवढीच, केंद्राची मंजुरी तेवढीच लागणार. मग आणखी वरचा दर्जा कशाला हवाय.

आणि जिथे अनेक खात्यांच्या जमिनी एकमेकांत अडकल्यात तिथे माझ्या मते उत्तम हत्यार म्हणजे कलम ३६अ, संवर्धन राखीव क्षेत्र. वन्यजीव कायद्यात हे २००२ च्या दुरुस्तीने आलं. सरकारच्या मालकीची जमीन, खासकरून उद्यानाला लागून असलेली किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी, स्थानिकांशी बोलून जाहीर करता येते. मालकी ज्या खात्याची त्याच्याकडेच राहते. लोकांचे हक्क तसेच राहतात. एक व्यवस्थापन समिती असते, त्यात ग्रामपंचायतीची माणसं बसतात. फक्त जमीन केंद्राची असेल, म्हणजे रेल्वे, संरक्षण, तर केंद्राची आधी संमती लागते. सिंधुदुर्गात तिलारी २०२० ला असंच झालं, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर, पलीकडे गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकाचं भीमगड, मधला दुवा राखला गेला.

मुंबईला हे कुठे हवंय तर उत्तरेला. पार्कचा नागला ब्लॉक वसईच्या खाडीपलीकडे आहे, आणि त्याच्या पुढे तुंगारेश्वर अभयारण्य, २००३ चं, ८५ चौरस किलोमीटरच्या वर. मधे दिवा-वसई रेल्वेलाइन, चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता, गोदामं, खाणी, आणि ह्याच पट्ट्यातून मालगाड्यांची नवीन लाइन. २००९ साली माळशेजजवळ कॉलर लावून सोडलेला "आजोबा" बिबट्या शंभरावर किलोमीटर चालत नॅशनल पार्कच्या जंगलात येऊन पोचला होता, म्हणजे वाट आहे, जनावराला माहीत आहे. ती वाट बंद झाली तर आरेत आणखी ८०० एकर मिळवूनही पार्क हा समुद्र आणि शहर ह्यांच्यामध्ये अडकलेला एक तुकडाच राहील. तिथे महसूल, रेल्वे, पीडब्ल्यूडी, एमएमआरडीए, वसई आणि भिवंडीकडच्या यंत्रणा, एवढ्या सगळ्यांची सही लागते. पण त्यांच्याकडून जमीन मागायचीच नाहीये, रस्त्याखालून रुंद मोरी, लाइनखालून वाट, रात्री दिवे कमी, आणि वनजमीन घेतल्याच्या बदल्यात द्यायची पर्यायी वनीकरणाची जमीन प्रकल्पवाल्यांनी लांब कुठेतरी माळावर न देता ह्या पट्ट्यातच विकत घेऊन द्यायची, एवढंच मागायचंय. मोरी बांधताना डिझाइनमध्ये घातली तर खर्च किरकोळ, लाइन चालू झाल्यावर घालायची म्हटली तर जवळजवळ अशक्य, म्हणून हे बोलणं प्रकल्पाच्या पहिल्या कागदालाच व्हायला हवं.

मीटिंगांबद्दल थोडं. मंत्रालयातली मोठी मीटिंग लागतेच, तिच्याशिवाय दोन सचिव एकमेकांचं ऐकत नाहीत. पण काम होतं ते खालच्या तिघांत: तहसीलदार, डीवायएसएलआर म्हणजे उपअधीक्षक भूमी अभिलेख, आणि आरएफओ. हे तिघं महिन्यातून एकदा जागेवर भेटले तर वर्षात मोजणी आणि याद्या होतात. मिनिट्समध्ये "कार्यवाही करावी" असं लिहिलं की समजायचं कोणीच करणार नाही, नाव आणि तारीख लिहिली तरच होतं. आणि बदल्या. चांगलं जमलेलं त्रिकूट तीन वर्षांत मोडतं, म्हणून दर बैठकीनंतर जीपीएसचे पॉइंट, फोटो, याद्या एका जागी ठेवायच्या, नवीन माणसाला परत आजींना शोधायला लागू नये.

तुम्ही नागरिक म्हणून काय करू शकता हेही विचारलंय. झाडं लावायला जाऊ नका, आरेच्या गवताळ उतारावर वाटेल ती रोपं लावून नुकसानच होतं, तिथलं गवत हेच तिथलं जंगल आहे. माहिती अधिकारात उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: कलम ४ च्या अधिसूचनेतल्या प्रत्येक सीटीएस (नगर भूमापन) नंबरवर किती दावे आले आणि किती निकाली निघाले, संयुक्त मोजणीची "क" प्रत, आणि ताबा पावती जोडपत्रांसकट. प्रॉपर्टी कार्ड तर ऑनलाइनच दिसतं, त्यावर धारक म्हणून अजून दुग्धविकास आहे की वन विभाग, म्हणजे फेरफार झाला की नाही, घरबसल्या कळतं. पाड्यावरचे कोणी ओळखीचे असतील तर त्यांचे दावे भरले गेलेत का, पोच मिळालीय का, हे त्यांच्याबरोबर बसून बघा, पोच नसेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. आणि उत्तरात "कार्यवाही सुरू आहे" असं एका ओळीत आलं तर तिथेच थांबू नका, ३० दिवसांत पहिलं अपील टाका, अपिलात वन जमाबंदी अधिकाऱ्याने शेवटची सुनावणी कुठल्या तारखेला घेतली ती तारीख मागा.